रोजकीर्द आणि खतावणी : नामदार गोखले यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांचें परीक्षण

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचीं भाषणें व लेख डेक्कन सभेसाठीं सन १९६२ ते १९६७ या अवधींत तीन खंडांत प्रसिद्ध झाले. पहिल्या खंडांत आर्थिक, दुसऱ्यांत राजकीय व तिसऱ्यांत शैक्षणिक, अशी त्यांची विषयवार वांटणी आहे. त्यापूर्वीं मद्रासच्या नटेसन यांनीं १९०८ सालीं काढलेला संग्रह व त्याच्या पुढील आवृत्त्या यांवरच अभ्यासकांस बहुतेक भिस्त ठेवावी लागे. तीन खंडांमुळें ती अडचण दूर झाली, आणि संपादकांच्या श्रमाचें ऋण प्रत्येक वाचकावर आहे, हें आम्ही प्रथमच नमूद करितों. तथापि ग्रंथाचा उपकार मानणें आणि ग्रंथाचें परीक्षण करणें हीं दोन्ही कर्तव्यें एकाच वेळीं करण्यास हरकत नसते. आमचा मुद्दा एकच आहे. या विषयवार वांटणीमुळें गोखल्यांच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलांतील दहा वर्षांच्या कामाचा सलग धागा मध्येंच तुटला आहे, आणि तो तुटल्यामुळें त्या कामाचा अर्थच बदलल्यासारखा दिसूं लागला आहे.

मोडी दप्तरें हाताळणाऱ्या वाचकांस आमचें म्हणणें दोन शब्दांत सांगतां येईल. रोजकीर्द म्हणजे जें ज्या दिवशीं घडलें तें त्या दिवशीं लिहिणें. खतावणी म्हणजे तेंच खातेंवार फोडून मांडणें. कोणत्या खात्यावर एकंदर किती रक्कम पडली, हें खतावणीवरून चटकन् कळतें. परंतु एका खात्याची रक्कम काढून दुसऱ्या खात्यास कोणत्या दिवशीं व कोणत्या निकडीनें लाविली, हें रोजकीर्द उलगडल्यावांचून कळत नाहीं. तीन खंडांचा संग्रह ही गोखल्यांची उत्तम खतावणी आहे. त्यांची रोजकीर्द मात्र अद्याप कोणीं छापलेली नाहीं.

प्रथम त्या काळच्या कौन्सिलाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे, नाहीं तर गोखल्यांच्या भाषणांस आजचें माप लागतें. आज लोकसभेंत अनुदानांच्या मागण्या मतास टाकल्या जातात, आणि विनियोजनाचें विधेयक संमत झाल्यावांचून सरकारास तिजोरींतून पैसा काढतां येत नाहीं. गोखल्यांच्या वेळीं यांपैकीं कांहींच नव्हतें. १८६१ च्या कायद्यान्वयें कौन्सिलाचें काम केवळ कायदे करण्यापुरतें होतें, आणि सरकारी वसुलावर ज्याचा परिणाम होईल असें बिल आणावयाचें तर गव्हर्नर जनरलची पूर्वपरवानगी लागे. १८९२ च्या कायद्यानें अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. परंतु त्यावर ठराव मांडण्याची किंवा मत घेण्याची मुभा मिळाली नाहीं. १९०९ च्या कायद्यानें ठराव मांडून मत मागतां येऊं लागलें, पण ते ठराव सरकारावर बंधनकारक नव्हते; सैन्य, कर्जावरील व्याज, धर्मखातें इत्यादि खर्चाच्या बाबी ठरावांच्या कक्षेबाहेर ठेवल्या होत्या; आणि वरिष्ठ कौन्सिलांत सरकारी सभासदांचें बहुमत कायम राखलें होतें. अशा ठिकाणीं खर्चाचें बिल पुढें नेणाऱ्या बिनसरकारी सभासदाच्या हातीं सत्तेचें कोणतेंच साधन नसे. सरकारनेंच छापलेले आंकडे आणि त्यांवरून निघणारा अपरिहार्य निष्कर्ष, एवढेंच काय तें त्याचें भांडवल.

या भांडवलावर काम करण्याची तयारी गोखल्यांनीं फार पूर्वींपासून केली होती. न्यायमूर्ति रानडे यांच्या हाताखालीं सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचें संपादन, १८९७ सालीं विलायतेस वेल्बी कमिशनापुढें दिलेली साक्ष, मुंबईच्या कायदे कौन्सिलांतील दोन वर्षें, ही त्या तयारीची सर्वांस माहीत असलेली बाजू होय. दुसरी बाजू शाळेंतील आहे. आपले सहकारी बापट यांच्या पुस्तकाच्या आधारें गोखल्यांनीं तयार केलेलें अंकगणित पुष्कळ वर्षें शाळांतून चाललें. उदाहरण सोडवितांना एकही पायरी गाळावयाची नाहीं, ही अंकगणित शिकविणाऱ्याची संवय त्यांच्या अंदाजपत्रकावरील प्रत्येक भाषणांत दिसते.

ता. २६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्यास त्यांचें पहिलें भाषण झालें. त्या वर्षीं सरकारच्या हिशेबांत सुमारें सात कोटींची शिल्लक दिसत होती, आणि शिल्लक म्हणजे भरभराट असा सरकारी पक्षाचा अर्थ होता. नुकताच दोन दुष्काळांतून निघालेला देश आणि भरलेली तिजोरी या दोहोंचा मेळ कसा बसतो, हा प्रश्न गोखल्यांनीं घेतला. त्यांच्या युक्तिवादाच्या पायऱ्या अशा. १८८५-८६ नंतरच्या दहाबारा वर्षांत सरकारनें एकामागून एक कर वाढविले: १८८६ सालीं प्राप्तीवरील कर आला, १८८८ सालीं मिठावरील कर मणीं दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला, १८९४ सालीं आयात मालावर शेंकडा ५ जकात बसविली, १८९६ सालीं देशी गिरण्यांच्या कापडावर शेंकडा साडेतीन कर बसविला. या वाढीचें मुख्य कारण म्हणून हुंडणावळींतील तोटा दाखविला जात असे. १८९४-९५ सालीं रुपयाचा भाव सुमारें १३ पेन्सांपर्यंत उतरला होता, आणि विलायतेंतील खर्चासाठीं एक पौंड पाठविण्यास सुमारें साडेअठरा रुपये लागत. पुढें टांकसाळी बंद ठेवण्याच्या धोरणामुळें रुपया १६ पेन्सांवर स्थिर झाला, आणि त्याच पौंडास १५ रुपये पुरूं लागले. पौंडामागें सुमारें साडेतीन रुपये वांचले. ज्या तोट्यासाठीं कर वाढविले तो तोटा गेला. कर मात्र राहिले. म्हणून शिल्लक ही रयतेच्या समृद्धीची खूण नसून रयतेकडून गरजेपेक्षां अधिक घेतल्याची खूण होय.

या मांडणींत नवा आंकडा एकही नाहीं. सर्व आंकडे सरकारच्याच पुस्तकांतले. फक्त ते एका वर्षाच्या पानावरून उचलून पंधरा वर्षांच्या ओळींत बसविले आहेत. पेशवाईच्या कागदांत सालअखेरचा ताळेबंद आणि सालाच्या आरंभींचा अजमास हे शेजारीं ठेवून पाहिल्याशिवाय मामलेदाराची लबाडी उघडकीस येत नाहीं, हें जाणणाऱ्या वाचकांस या पद्धतीचें मर्म सहज पटेल.

पहिल्या दोनतीन वर्षांच्या भाषणांतील मागण्यांत तीन ठळक होत्या: मिठावरील कर कमी करावा; प्राप्तीवरील कराची माफीची मर्यादा ५०० वरून १००० रुपयांवर न्यावी; आणि देशी कापडावरील कर उठवावा. १९०३ सालीं पहिल्या दोन मागण्या सरकारनें मान्य केल्या. मिठावरील कर मणामागें आठ आण्यांनीं उतरून दोन रुपये झाला. १९०५ सालीं दीड रुपया झाला. आणि १९०७ सालीं एक रुपया. येथें गोखल्यांचे चरित्रकार सामान्यतः थांबतात व विजयाचा शंख फुंकतात. आमच्या मतें येथें थोडें सावध राहिलें पाहिजे. एक गोष्ट दुसरीच्या मागून आली एवढ्यावरून पहिली दुसरीचें कारण ठरत नाहीं. भरलेल्या तिजोरीमुळें सरकारासही कर उतरविणें सोयीचें होतें. तिसरी मागणी या बाबतींत अधिक बोलकी आहे. कापडावरील कराशीं लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे हितसंबंध गुंतले होते. तो कर १९२५ च्या अखेरीस तहकूब झाला व १९२६ सालीं उठला, म्हणजे गोखल्यांच्या मृत्यूनंतर दहाअकरा वर्षांनीं. तेव्हां गोखल्यांचा युक्तिवाद तिन्ही ठिकाणीं सारखाच बळकट असूनही जेथें सरकारचें कांहीं अडत नव्हतें तेथेंच तो फळला, असें म्हणणें प्राप्त होतें. यांत त्यांच्या थोरवीस उणेपणा येत नाहीं. उलट मताचा अधिकार नसलेल्या कौन्सिलांत युक्तिवादाची धांव कोठपर्यंत पोंचते, याचें हें स्वच्छ प्रमाण आहे.

आतां धागा कोठें तुटतो तें पाहूं. करांत सूट मिळूनही वर्षामागून वर्ष शिल्लक पडत राहिली, तेव्हां गोखल्यांच्या भाषणांचा रोख बदलला. आरंभीं ते म्हणत, अधिक घेतलें आहे तें परत करा. पुढें ते म्हणूं लागले, परत करावयाचें नसेल तर तें रेल्वेच्या भांडवलांत व कर्ज टाळण्यांत न दवडतां रयतेच्या शिक्षणावर व आरोग्यावर खर्च करा. आणि सैन्यावरील वाढत्या खर्चास आळा घाला. हा बदल अंदाजपत्रकावरील भाषणांतच, म्हणजे आर्थिक खंडांतच, हळूहळू घडतांना दिसतो. त्याचें फळ मात्र वाचकास दोन खंड ओलांडून तिसऱ्यांत शोधावें लागतें. मार्च १९१० मध्यें गोखल्यांनीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करण्यास आरंभ करावा व त्यासाठीं सरकारी-बिनसरकारी गृहस्थांचें कमिशन नेमावें, असा ठराव मांडला, आणि सरकारच्या आश्वासनावर तो परत घेतला. त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारचें स्वतंत्र शिक्षणखातें निघालें व सर हारकोर्ट बटलर त्याचे सभासद झाले. ता. १६ मार्च १९११ रोजीं गोखल्यांनीं प्राथमिक शिक्षणाचें बिल कौन्सिलापुढें आणलें.

या बिलास शिक्षणाचें बिल म्हणण्याचा परिपाठ आहे. परंतु बारकाईनें वाचतां हें मुख्यतः खर्चाचें बिल आहे, असें आमचें मत झालें आहे. त्यांतील सक्ति फार सौम्य होती. ज्या म्युनिसिपालिटीच्या किंवा लोकल बोर्डाच्या हद्दींत ठराविक प्रमाणांत मुलें आधींच शाळेंत जात असतील, तिनें प्रांतिक सरकारची संमति घेऊन आपल्या हद्दींत सक्ति सुरू करावी. ती ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांपुरती असावी, मुलींस पुढें सवडीनें लागू करावी. ज्या बापाची प्राप्ति दरमहा दहा रुपयांहून अधिक नाहीं त्याच्याकडून फी घेऊं नये. यांत भयंकर असें कांहींच नव्हतें; बडोद्यांत सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेलीच्या भागांत आणि १९०६ सालीं सबंध राज्यांत सक्तीचें शिक्षण चालूं करून दाखविलें होतें. खरी अडचण पैशाची होती. स्थानिक संस्थांस कर बसविण्याची परवानगी द्यावी, आणि एकंदर खर्चाचा एक तृतीयांश त्यांनीं व दोन तृतीयांश सरकारनें सोसावा, अशी गोखल्यांची मागणी होती. म्हणजे सरकारी तिजोरीवर कायमचा बोजा टाकणारें हें बिल होतें, आणि म्हणूनच तें मांडण्यापूर्वीं गव्हर्नर जनरलची परवानगी घ्यावी लागली.

पैसा कोठून आणावयाचा, या प्रश्नास गोखल्यांनीं बगल दिली नाहीं. आयात मालावरील जकात शेंकडा ५ वरून साडेसातांवर न्यावी, असें त्यांनीं सुचविलें. तेवढ्यानें न भागल्यास मिठावरील कर मणामागें आठ आण्यांनीं वाढविण्याससुद्धां आपण तयार आहों, असें त्यांनीं या बिलाच्या चर्चेंत सांगून टाकलें. देशबांधवांनीं मीठ थोडें कमी खाल्लें तरी तें मुलें अज्ञानांत वाढण्यापेक्षां बरें, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

हें स्थळ या लेखाचा गाभा आहे. मिठावरील कर म्हणजे गरिबाच्या तोंडांतील घांसावर कर, हें आंकड्यांनिशीं सिद्ध करण्यांत ज्यानें पांचसहा वर्षें घालविलीं, १९०३ सालच्या आठ आण्यांच्या सुटीचें श्रेय ज्यास दिलें जातें, तोच गृहस्थ तेच आठ आणे पुन्हां बसवा म्हणतो. ज्या वाचकाच्या हातीं केवळ शैक्षणिक खंड आहे, त्यास हें वाक्य भाषणाच्या भरांत निघालेला अलंकार वाटतें, आणि तो पुढें जातो. ज्याच्या हातीं दोन्ही खंड आहेत, पण जो ते निरनिराळ्या वेळीं निरनिराळ्या विषयांसाठीं उघडतो, त्यास यांत विसंगति दिसते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची हकीकत ज्याच्या मनांत ताजी आहे, त्यास तर हें विधान खटकल्यावांचून राहणार नाहीं. तिन्ही वाचक फसतात, आणि त्यांस फसविणारी गोष्ट गोखल्यांच्या विचारांत नसून पुस्तकाच्या मांडणींत आहे.

ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्यासाठीं मीमांसकांनीं जीं गमकें सांगितलीं आहेत त्यांत उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता हें पहिलें, आणि अभ्यास, म्हणजे पुनःपुनः केलेला उच्चार, हें दुसरें होय. १९०२ चें भाषण हा उपक्रम, १९११-१२ ची चर्चा हा उपसंहार, आणि मधल्या भाषणांतील शिल्लकेच्या विनियोगाची वर्षानुवर्षें केलेली मागणी हा अभ्यास, असें धरून पाहतां विसंगति उरत नाहीं. मिठावरील कर मुळांतच पाप आहे, अशी गोखल्यांची प्रतिज्ञा कधींच नव्हती. त्यांची प्रतिज्ञा अशी होती कीं, ज्याच्याकडून कर घेतला त्याच्या हितासाठीं तो खर्च झाला पाहिजे, आणि तसा होत नसेल तर तो परत गेला पाहिजे. १९०२ सालीं कर परत मागणें व १९११ सालीं कर वाढवून मागणें हीं त्या एकाच प्रतिज्ञेचीं दोन रूपें आहेत. रघुवंशाच्या आरंभीं दिलीप राजाच्या करग्रहणास कालिदासानें सूर्याची उपमा दिली आहे: सूर्य पाणी शोषून घेतो तें सहस्रपटीनें परत देण्यासाठीं. गोखल्यांनीं कौन्सिलापुढें इंग्रजी ग्रंथकारांचे व परदेशांचे दाखले दिले, परंतु त्यांच्या दहा वर्षांच्या युक्तिवादाचा सारांश याच उपमेंत सांठवतां येतो. आणि हा सारांश हातीं येण्यासाठीं भाषणें तारीखवार वाचलीं पाहिजेत. दुसरा मार्ग नाहीं.

बिलाचा शेवट सर्वश्रुत आहे. तें निवडक कमिटीकडे पाठवावें, या सूचनेवर मार्च १९१२ मध्यें दोन दिवस चर्चा झाली. लोकांची तशी मागणी नाहीं, प्रांतिक सरकारें अनुकूल नाहींत, सक्तीवांचूनही शिक्षणाच्या प्रसारास अजून पुष्कळ वाव आहे, असे आक्षेप बटलरसाहेबांनीं घेतले. पंडित मदनमोहन मालवीय, महंमदअली जिना, मजहरुल हक इत्यादि सभासदांनीं बिलास पाठिंबा दिला. ता. १९ रोजीं मतें घेतलीं तेव्हां अनुकूल १३ व प्रतिकूल ३८ पडलीं. बिल फेंटाळलें जाणार हें गोखल्यांस ठाऊक होतें, आणि आपली तक्रार नाहीं असें त्यांनीं भाषणांतच सांगितलें होतें. त्यापूर्वीं तीनच महिने, डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारांत, लोकशिक्षणासाठीं ५० लक्ष रुपयांची देणगी जाहीर झाली होती. या दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या म्हणजे त्या कौन्सिलांतील भांडण नेमकें कशाविषयीं होतें तें स्पष्ट होतें. पैसा देण्यास सरकार अगदींच नाखूष नव्हतें. परंतु तो बक्षीस म्हणून देण्याची सरकारची तयारी होती, कायद्यानें बांधून घेऊन देण्याची नव्हती. गोखले मागत होते तो कायदा.

आम्ही गोखल्यांचे केवळ स्तुतिपाठक नाहीं, म्हणून बिलाचे दोषही दाखविले पाहिजेत. पहिला दोष असा कीं, ज्या हद्दींत मुलें आधींच पुरेशा संख्येनें शाळेंत जात असतील तेथेंच सक्तीची परवानगी ठेवल्यामुळें ज्या भागांस शिक्षणाची गरज सर्वांत अधिक, तेच भाग कायद्याच्या बाहेर राहात. दुसरा दोष, खर्चाचा तिसरा हिस्सा स्थानिक संस्थांवर टाकणें. गरीब तालुक्याच्या बोर्डास हा तिसरा हिस्साच डोंगराएवढा झाला असता, आणि पूर्वीच्या भाषणांत त्या संस्थांच्या दारिद्र्याचें वर्णन स्वतः गोखल्यांनींच केलें होतें. तिसरा दोष, मुलींस मागें ठेवणें. या तिन्ही सवलती बिल कसें तरी कमिटीपर्यंत जावें यासाठीं दिलेल्या होत्या, हें उघड आहे; आणि सवलती देऊनही बिल तेथपर्यंत गेलें नाहीं, हेंही तितकेंच उघड आहे. अनुभवी सभासदानें पराभव निश्चित असतां सौम्य बिल आणावें, कीं आपल्या मनांतील पूर्ण बिल आणून पुढील पिढीसाठीं नोंदवून ठेवावें, या प्रश्नावर मतभेद होण्यास जागा आहे. आम्हांस वाटतें कीं, जो सभासद दहा वर्षें सरकारच्याच आंकड्यांवर सरकारास पकडीत आला, त्यास सरकारास अशक्य म्हणतां येणार नाहीं असेंच बिल आणणें प्राप्त होतें. त्यांतील सौम्यपणा हा त्याच्या पद्धतीचाच भाग होय, दुबळेपणा नव्हे.

आतां संपादनाच्या प्रश्नाकडे वळूं. विषयवार मांडणीच्या बाजूनें तीन गोष्टी सांगतां येतील. पहिली, एकाच विषयाच्या अभ्यासकास सर्व मजकूर एका ठिकाणीं मिळतो. दुसरी, कौन्सिलांतील व कौन्सिलाबाहेरील भाषणें तारीखवार लाविलीं तर फार विजोड मजकूर शेजारीं येतो. तिसरी, थोर पुरुषांच्या लेखसंग्रहांत ही पद्धत रूढ आहे. यांपैकीं पहिली गोष्ट आम्हांस मान्य आहे. परंतु ती सोय उत्तम सूचीनें साधते, त्यासाठीं मजकूर फोडण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या गोष्टीविषयीं आमचें म्हणणें असें कीं, जें विजोड वाटतें तेंच पुष्कळदां इतिहासकाराच्या उपयोगाचें असतें. नाताळांतील करारबंद मजुरांविषयींचा ठराव आणि शिक्षणाचा ठराव हे दोन्ही १९१० च्या एकाच हंगामांतले आहेत. पहिला सरकारनें मान्य केला, दुसरा परत घ्यावा लागला. एकाच सभासदाच्या दोन मागण्यांत हा भेद कां झाला, हा विचार त्या शेजारीं ठेवल्यानेंच सुचतो. तिसऱ्या गोष्टीस उत्तर म्हणून आमच्याच क्षेत्रांतील दाखला पुरेसा आहे. गणेश चिमणाजी वाड यांनीं पेशव्यांच्या रोजनिशींतून निवडलेले उतारे विषयवार छापले गेले. त्यांचा उपयोग अपार झाला; रानडे यांनीं त्याच रोजनिशींवर लिहिलेला प्रस्तावनालेख आजही वाचनीय आहे. तरीपण वाडांचा उतारा हातीं आला कीं त्याच दिवशीं त्याच रोजनिशींत वर काय होतें व खालीं काय होतें, हें पाहण्यासाठीं मूळ दप्तराकडेच धांव घ्यावी लागते, हा अनुभव प्रत्येक संशोधकाचा आहे. गोखल्यांच्या बाबतींत तीच चूक पुन्हां होऊं नये.

आणखी एक न्यून सांगितलें पाहिजे. छापील भाषणावर एकाच माणसाचें नांव असतें. त्यामागें कोणकोण राबलें हें त्यावरून कळत नाहीं. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळाखात्यांतील मुख्याध्यापक. देशाच्या जमाखर्चाचा त्यांच्याइतका खोल अभ्यास त्या वेळीं फार थोड्यांचा होता. गोखले अंदाजपत्रकावरील भाषणें तयार करितांना त्यांचा सल्ला घेत. जोशी १९११ सालीं, म्हणजे बिल कौन्सिलापुढें असतांनाच, वारले. त्यांचे लेख व भाषणें १९१२ सालीं स्वतंत्र ग्रंथरूपानें निघालीं. अंदाजपत्रकाच्या भाषणांची खरी रोजकीर्द छापावयाची तर गोखल्यांचा पत्रव्यवहार त्या त्या भाषणाच्या आधीं लावला पाहिजे, म्हणजे कोणता आंकडा कोणी सुचविला व कोणता शेवटीं गाळला तें दिसेल. गोखल्यांच्या कागदांचा मोठा संग्रह दिल्लीस राष्ट्रीय अभिलेखागारांत आहे. काम अशक्य कोटींतलें नाहीं.

म्हणून आमची सूचना पुढीलप्रमाणें आहे. १९०२ ते १९१२ या काळांतील गोखल्यांचीं वरिष्ठ कौन्सिलांतील सर्व भाषणें तारखेच्या क्रमानें एका खंडांत छापावीं. प्रत्येक भाषणापूर्वीं त्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचा सारांश, जमाखर्चखात्याच्या सभासदाचें उत्तर, आणि पुढील वर्षीं झालेला फरक द्यावा. मिठाचा कर, प्राप्तीवरील कर, सैन्याचा खर्च व शिक्षणाचा खर्च या चार बाबींची वर्षवार तालिका शेवटीं जोडावी. संग्राहकांसही एक विनंति आहे. त्या काळचीं कौन्सिलाच्या कामकाजाचीं छापील पुस्तकें, अंदाजपत्रकांच्या सुट्या प्रती, किंवा त्यांवर शाईनें केलेल्या टिपा ज्यांच्या संग्रहांत असतील त्यांनीं बांधणी उसवून त्यांतील एकेक भाषण निराळें काढूं नये. कागदाचें मोल जितकें त्यावरील अक्षरांत असतें तितकेंच त्याच्या मागच्या व पुढच्या कागदांत असतें.

या कामाची निकड केवळ गोखल्यांच्या कीर्तीसाठीं नाहीं. १९१२ सालीं पडलेल्या बिलाचा विचार पुढें अनेक वाटांनीं चालत राहिला. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुंबई इलाख्यांत विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ सालीं म्युनिसिपल हद्दींपुरता कायदा झाला. २००२ सालीं घटनादुरुस्तीनें शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क ठरला, आणि २००९ चा कायदा ता. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. हक्क कोणाचा याविषयींचा वाद त्या दिवशीं मिटला. पैसा कोणी व कोणत्या प्रमाणांत द्यावयाचा, हा वाद मात्र मिटलेला नाहीं. आणि तो वाद चालविणाऱ्यांस गोखल्यांचे आठ आणे कोठून उठले व कोठें लागले याचा पत्ता एकाच पुस्तकांत सांपडला पाहिजे.